पिंजऱ्यातलं बिऱ्हाड – भाग ९ : चावणारीला आधी डॉक्टरकडे न्या

मागच्या भागात गिनीपिगच्या आवाजांची ओळख करून घेतली, तेव्हा दातांच्या कडकडीचा विषय मी एका ओळीत उरकला होता. दोघा-तिघा वाचकांनी ते बरोबर पकडलं. उरकला तो मुद्दामच. तो आवाज आमच्या घरात पहिल्यांदा ऐकू आला त्या रात्रीची हकीकत एका ओळीत मावणारी नव्हती.

कैरी आणि मिरी या आमच्या दोघी माद्या. कैरी चार वर्षांची, अंगानं थोराड, सोनेरी-करड्या केसांची. मिरी काळीभोर, तिच्याहून वर्षभरानं लहान. तीन वर्षं दोघी एकाच पिंजऱ्यात राहिल्या. फ्रीजचं दार वाजलं की दोघी एका सुरात ओरडायच्या. कोथिंबिरीच्या एकाच काडीची दोन टोकं दोघींच्या तोंडात असायची आणि जिचं आधी संपेल तिनं दुसरीच्या तोंडातलं ओढून न्यायचं, हा रोजचा खेळ. एवढ्या काळात रक्ताचा थेंब सांडला नव्हता.

मार्चमधली रविवारची रात्र. साडेअकराच्या सुमाराला हॉलमधून कडकड ऐकू आली, अडकित्त्यात सुपारी धरून कोणी नुसतीच खडखडवत बसावं तशी. पाठोपाठ किंकाळी. दिवा लावला तर पिंजऱ्यात दोन प्राणी दिसेचनात, केसांचा एकच गोळा गरगरत होता. मी दोन्ही हात आत घातले. गिनीपिगचे पुढचे दात किती धारदार असतात हे मी याच लेखमालेच्या तिसऱ्या भागात ऐटीत लिहिलं होतं. त्या रात्री ते माझ्या उजव्या तर्जनीनं वाचलं. दोघी सुटल्या. मिरीचा डावा कान फाटला होता, कैरी कोपऱ्यात मानेवरचे केस फुलवून उभी होती आणि तिची कडकड थांबत नव्हती.

मग घरात जे होतं ते झालं. सासूबाई उठून आल्या, चष्मा लावला, आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या. ‘‘मत्सर, दुसरं काय! तू मिरीला आधी कोथिंबीर घालतेस, ही बघत असते.’’ लेक रडवेली. ‘‘आई, आता त्या कट्टी का?’’ माझं मत असं की कैरीचं वय झालं, म्हातारपणी माणूसही तिरसट होतं. तिघींची मतं तीन, पण एका बाबतीत आमचं एकमत होतं : मिरी बिचारी आणि कैरी दांडगट. त्यामुळे मिरीला मांडीवर घेऊन कानाला औषध, काकडीचा तुकडा, लाड. कैरीला शेजारच्या खोलीत खोक्यात ठेवून दार बंद.

आज मागे वळून पाहते तर त्या रात्री आमच्या घरात खरी आजारी होती ती कैरी.

एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी या भागाचं काम झालं असं मी समजेन, पण ते पटण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. गिनीपिगच्या रानटी भाईबंदांचं बिऱ्हाड दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ जागांमध्ये असतं, एक नर आणि त्याच्याभोवती थोड्या माद्या. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीव गिनीपिग आणि त्यांचे हे रानटी नातलग यांची शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. पाळीव जातीत मारामारी कमी आणि सलगी जास्त आढळली. नव्या जागी सोडल्यावर रक्तात चढणारी ताणाची संप्रेरकंही कमी. त्यांचंच दुसरं एक निरीक्षण मला फार आवडतं. अनोळखी जागी ठेवलेल्या नराजवळ त्याच्या सवयीची मादी असली तर त्याचा ताण कमी चढतो. तिच्या जागी कुठलीही दुसरी मादी ठेवून तसा फरक पडत नाही. म्हणजे ‘सोबत’ हा शब्द या प्राण्याच्या बाबतीत नुसता कौतुकाचा नाही, तो रक्त तपासून मोजता येतो.

हजारो वर्षं माणसाच्या स्वयंपाकघरात राहून भांडणाचं प्रमाण कमी झालेली ही जात, आणि त्यातही माद्या नरांपेक्षा शांत. अशा दोघींची तीन वर्षांची घडी एका रात्रीत विस्कटते, तेव्हा काहीतरी बदललेलं असतं. काय बदललं ते शोधायचं. ‘स्वभाव’ हे उत्तर सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक भेद करायला हवा, कारण बरेच जण साध्या कुरबुरीलाच युद्ध समजून दोघींना कायमचं वेगळं करून बसतात. भांड्याला भांडं लागणारच. एकीनं कुल्ले डोलावत, पोटातून मोटरसारखी घरघर काढत दुसरीभोवती फिरणं, पाठीवर चढणं, हनुवटी उंच करून ‘माझी उंच की तुझी’ करत समोरासमोर उभं राहणं, नाकानं ढुशी देणं, दुसरीला झोपेतून उठवून तिची जागा घेणं, लहानसा चिमटीसारखा चावा घेणं ज्यात केसांचा पुंजका निघतो पण कातडी फुटत नाही, नको असलेल्या दुसरीच्या अंगावर मागे नेम धरून लघवीची पिचकारी मारणं : हे सगळं घरातलं आहे. यातून कोण वरचढ ते ठरतं आणि ठरलं की शांतता होते. मध्ये पडून तुम्ही प्रत्येक वेळी सोडवलंत तर ठरायचं ते ठरतच नाही आणि कुरबूर लांबत जाते. इथे हात बांधून बसणं जमलं पाहिजे, आणि ते अवघड आहे हे मी मान्य करते.

धोक्याची पायरी वेगळी दिसते. मानेवरचे केस ताठ उभे, अंग फुगवलेलं, दातांची कडकड सलग आणि थांबायचं नाव नाही, जांभई दिल्यासारखं तोंड उघडून दात दाखवणं. दोघीही मागे हटत नसतील तर पुढच्या काही क्षणांत झेप येते. आणि तो गरगरता गोळा झाला की वाट बघायची नाही. हात मात्र घालायचा नाही. जाडा टॉवेल दोघींवर टाकायचा, नाहीतर केराची सुपली किंवा पुठ्ठा मधे घालायचा. आमच्या पिंजऱ्याशेजारी आता एक सुपली खिळ्याला टांगलेली असते. पाहुणे विचारतात, मी बोट दाखवते.

रक्त निघालं तर वेगळं करायचं, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे कसं वेगळं करायचं, आणि माझी पहिली मोठी चूक तिथेच झाली. बंद दार. गिनीपिगला दुसरीचा वास येत राहिला पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे. पिंजऱ्याच्या मधोमध जाळी लावायची, अशी की नाक लागेल पण दात पोचणार नाहीत, आणि दोघींचं गवत जाळीला लागून ठेवायचं. जाळीतून एकमेकींना बघत खाणाऱ्या माद्या अर्ध्या अजून एकत्रच असतात. मी दार लावलं, आठ दिवस ठेवलं, आणि तीन वर्षांची ओळख पुसायला स्वतःच्या हातानं मदत केली.

दुसरी चूक डॉक्टरांकडची. चौथ्या दिवशी कैरीच्या चिडचिडीला कंटाळून मी तिला एकटीला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. परत आणली तेव्हा तिच्या अंगाला स्पिरिटचा, सोनोग्राफीच्या जेलीचा आणि तिथल्या कुत्र्या-मांजरांचा वास होता. गिनीपिगच्या ओळखी नाकानं होतात. कळपाचा म्हणून एक सामाईक वास असतो, एकमेकींच्या अंगाला घासून आणि लघवीच्या खुणांनी तो रोज ताजा होतो. तो पुसून आलेली मैत्रीण ही मैत्रीण राहत नाही. म्हणून दवाखान्यात नेताना दोघींना न्यायचं, एका टोपलीत, औषध एकीलाच असलं तरी. आणि नुकतीच अंघोळ घातलेली एकटी मादी जोडीदारिणीकडे सोडू नये, तेही याच कारणानं.

तिसरी चूक म्हणजे आठव्या दिवशी कैरीला जुन्या पिंजऱ्यात मिरीजवळ परत सोडलं. तो पिंजरा आठ दिवसांत मिरीचा झाला होता. पुढचं सांगत नाही. या खेपेला कैरीच्या ढुंगणावर दोन जखमा होत्या, म्हणजे पळणारी ती होती आणि मागे लागलेली मिरी. सासूबाईंचा मत्सराचा सिद्धांत तिथेच कोसळला, पण त्यांनी तो मागे घेतल्याचं मला आठवत नाही.

आता कैरीच्या आजाराकडे येते. सोनोग्राफीत डॉक्टरांनी दाखवलं : दोन्ही अंडाशयांवर पाण्याच्या पिशव्या, उजवीकडची छोट्या लिंबाएवढी. सिस्ट. गिनीपिगच्या माद्यांत हा प्रकार इतका सर्रास आहे की दीड-दोन वर्षांच्या पुढच्या माद्या तपासल्या तर निम्म्याहून अधिक जणींमध्ये तो निघतो, अशी पाहण्यांमधली आकडेवारी आहे. सगळ्याच सिस्ट त्रास देत नाहीत. काही नुसतं पाणी साठवत मोठ्या होतात आणि पोटात दाटतात. त्यांचा उपद्रव दुखण्याचा. काही संप्रेरकं सोडतात, आणि त्या मादीला महिनोन् महिने ‘हीट’मध्ये, म्हणजे माजावर, असल्यासारखं वागायला लावतात. ती चढते, घरघरते, पाठलाग करते, आणि दुसरीनं नको म्हटलं की चावते.

डॉक्टर म्हणाल्या, ‘‘कुशीवरचे केस कधीपासून विरळ आहेत?’’ मी म्हटलं, उन्हाळ्याचे गळत असतील. त्यांनी कैरीला उलटं धरलं. दोन्ही बाजूंना अगदी मोजून घेतल्यासारखे सारखे टक्कल पडलेले पट्टे, स्तनाग्रांवर खपल्या, आणि पोट वरून निमुळतं व खाली पसरलेलं, पेरासारखं. दोन-तीन महिन्यांपासून हे आमच्या डोळ्यांदेखत होतं. दोन्ही कुशींवर सारखेच केस गेले तर संप्रेरकांची शंका घ्यायची आणि ठिगळा-ठिगळांनी, खाजेसकट गेले तर खरजेच्या किड्यांची, हा ढोबळ नियम मी तेव्हा शिकले. खरूजही माद्यांना चिडचिडं करते, एवढंच.

निरोगी मादीचं चक्र साधारण १६ दिवसांचं, एखादा दिवस इकडे-तिकडे. हीट स्वतः जेमतेम एक दिवस टिकते. त्या दिवशी सगळ्यात शहाणी मादीसुद्धा वेड्यासारखी वागते आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं गवत खाते. याचा एक फार स्वस्त उपयोग आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी आता घरघरीच्या दिवसाला लाल टिंब देते. टिंबं पंधरा-सोळा-सतरा दिवसांच्या अंतरानं पडत असतील तर निसर्गाचं काम चालू आहे, दोन जादा खोकी ठेवा आणि दिवस काढा. टिंबांना काही ताळच नसेल, रोज किंवा एकाआड एक दिवस पडत असतील, तर सोनोग्राफी. मार्चपूर्वी मी हे केलं असतं तर माझं बोट आणि मिरीचा कान दोन्ही वाचलं असतं.

सिस्ट हे एकच कारण नाही. दुखणारं कुठलंही अंग गिनीपिगला चावरं करतं, कारण शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो आणि लपवता लपवता त्याचा संयम संपतो. दोन-तीन वर्षांपुढच्या माद्यांत मूतखडे नेहमी आढळतात. लघवी करताना कुंई कुंई आवाज, पाठ कुबडी. दातांचं दुखणं असेल तर खायला धावत येते पण घास टाकून देते, हनुवटी ओली राहते. दातांवर पुढे स्वतंत्र भाग आहे, म्हणून इथे थांबते. क जीवनसत्त्वाची उणीव मात्र सांगायलाच हवी. ती सांध्यांत शिरते, अंगाला हात लावलेला सहन होत नाही, शेजारणीचा साधा धक्काही लागतो. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीराला हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत अक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्र्योलिक हे दोघे गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवून बेरीबेरीचा अभ्यास करायला गेले आणि हाती लागला स्कर्व्ही. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून उघडली. आपल्याकडे यावर महाग औषध लागत नाही. ढोबळी मिरचीचा दोन बोटं रुंद तुकडा रोज, सोबत कोथिंबीर, अधूनमधून पेरूची फोड. दुकानातल्या चाऱ्याच्या गोळ्यांत घातलेलं क जीवनसत्त्व पुडा जुना झाला की उडून जातं, आणि पाण्यात टाकायचे थेंब पाण्यातच विरतात. गोळ्यांच्या पुड्यावरची उत्पादनाची तारीख दुकानदार ज्या कंटाळ्यानं शोधून देतो तो पाहिलात की कळेल, ही तारीख फारसं कोणी विचारत नाही.

आणि एक शक्यता जिच्यावर लोक हसतात : ‘दोघी माद्या’ खरंच माद्या आहेत का? पिल्लांचं लिंग ओळखणं सोपं नसतं, विकणाऱ्याला कित्येकदा त्याची फिकीर नसते. नर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच वयात येऊ लागतो. मग एक दिवस ‘मादी’ भांडकुदळ होते आणि दोन महिन्यांनी पिंजऱ्यात केसाळ, उघड्या डोळ्यांची, जन्मतःच धावणारी पिल्लं दिसतात. गाभण मादीही दुसरीला जवळ येऊ देत नाही. सहा-सात महिन्यांनंतर पहिल्यांदाच गाभण राहणं तिच्या जिवावर बेतू शकतं, तोवर कमरेचा सांधा आवळलेला असतो. म्हणून नवीन जोडी आणली की पहिल्या आठवड्यातच जाणत्या डॉक्टरांकडून खातरी करून घ्या.

शरीर तपासून झालं, तिथे काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर मग घर तपासायचं. आमच्याकडे दुसरंही एक कारण जुळून आलं होतं ते मला जूनमध्ये कळलं. मार्चच्या मध्यापासून पुण्यात पारा चढतो, आणि गिनीपिगला सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेलं की जड जायला लागतं. पिंजऱ्यात थंड अशी एकच लादी होती, शहाबादी, खिडकीखालची. दोघींनाही तीच हवी. त्याच्या जोडीला एक प्लॅस्टिकचं छान दिसणारं घरटं, इग्लूसारखं, एकाच दाराचं. आत असलेलीला बाहेर पडायला वाट नाही, बाहेरची दारात ठाण मांडून. मी ते घरटं भंगारवाल्याला दिलं. बुटांच्या खोक्यांना समोरासमोर दोन दारं कापून ठेवली, माद्या दोन तर खोकी तीन. पाण्याच्या बाटल्या दोन, पिंजऱ्याच्या दोन टोकांना. गवत दोन ठिकाणी. शहाबादी लाद्या आता तीन आहेत, त्या फरशी बसवणाऱ्याकडून तुकड्यांच्या भावात मिळाल्या. आणि जागा : दोघींसाठी किमान चार फूट बाय दोन फूट सपाट जमीन, मजले वेगळे. दुकानात ‘गिनीपिगचा पिंजरा’ म्हणून जे विकलं जातं त्यात एक ससाही नीट वळणार नाही.

कैरीचं पुढे काय झालं? इंजेक्शनानं काही सिस्ट आटतात, संप्रेरकांच्या जातीच्या; नुसत्या पाण्याच्या त्याला दाद देत नाहीत. सुईनं पाणी काढता येतं, ते परत भरतं. तिच्यात दोन्ही तऱ्हा असाव्यात असं डॉक्टरांचं मत पडलं. शस्त्रक्रिया करायचं ठरलं, भुलीचा धोका समजून घेऊन. मी विचारलं, ‘‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘छे! हिला ओकारी येतच नाही, आणि आतडं थांबलं तर तेच जिवावर येईल.’’ चारा शेवटपर्यंत. घरी आल्यावर वेदनाशामक, आणि दर तीन तासांनी चाऱ्याच्या गोळ्या भिजवून केलेली पेज सिरिंजनं. गिनीपिगनं अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर ते संकट आहे, भांडणानंतर घाबरून बसलेलीच्या बाबतीतसुद्धा. स्वयंपाकघरातला वजनकाटा यासाठी सोन्याहून मोलाचा. आठवड्याला एकदा वजन, आणि भांडणानंतरचे दहा दिवस रोज. कैरी ९८० ग्रॅमवरून ९१० वर आली आणि तिथून परत चढली.

जखमांबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, आजूबाजूचे केस कापा, चार-पाच दिवस बोटानं चाचपत राहा, कारण वरची भोकं बुजतात आणि आत पू धरतो. पण घरातलं कुठलंही उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध, आपण पोरांना सर्रास देतो ते अमॉक्सिसिलिनसुद्धा, तोंडावाटे दिलं तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि पाठोपाठ तो प्राणी. कान फाटून कोणी मेल्याचं मी ऐकलं नाही. या औषधानं मेलेल्या दोन माद्या मला माहीत आहेत.

टाके निघाले, जाळीतून दहा-बारा दिवस गेले, मग एका शनिवारी आम्ही पुन्हा ओळख घडवली. हे सविस्तर सांगते, कारण बिघडतं ते बहुधा इथेच. जागा दोघींपैकी कोणाचीच नसलेली : सासूबाईंची खोली, पलंग उभा करून, खाली धुतलेली सतरंजी. खोकी नाहीत, घरटी नाहीत, कोपऱ्यात अडकवणारं काही नाही. मधोमध गवताचा हा एवढा ढीग आणि त्यात पेरलेली कोथिंबीर. सकाळी दहाला सुरुवात, पूर्ण दिवस मोकळा ठेवून. सुपली आणि टॉवेल हाताशी. टीव्ही बंद.

पहिली वीस मिनिटं दोघींनी एकमेकींना पाहिलंच नाही अशा थाटात गवत खाल्लं. मग मिरी आली, कैरीच्या मागचा वास घेतला, घरघर सुरू. कैरीनं हनुवटी वर केली. मिरीनं तिच्याहून वर. दोन मिनिटं दोघी नाकं आभाळाकडे करून उभ्या, लेक श्वास रोखून, मी सुपली धरून. दातांची कडकड झाली, दोन वेळा, तुटक. मी हलले नाही. मग कैरीनं मान खाली घातली आणि बाजूला झाली. मिरी तिच्या पाठीवर चढली, उलट्या बाजूनं चढली, म्हणजे डोक्याकडून, त्यामुळे कैरीनं पोट हिसडून तिला झटकलं आणि एक पिचकारी मारली. सासूबाई हसल्या. दुपारी दोनपर्यंत हेच, सात-आठ वेळा, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा कमी वेळ. साडेतीनला मिरी पाय लांबवून आडवी पडली, आणि कैरी तिच्यापासून वीतभर अंतरावर. गिनीपिग फार कवटाळून झोपणारे नव्हेत. वीतभर म्हणजे खूप झालं.

दोघींमध्ये अशी तडजोड झाली तरी त्याच दिवशी जुन्या पिंजऱ्यात घालायची घाई करू नये. पिंजरा आधी व्हिनेगरच्या पाण्यानं धुतला, सगळ्या खोक्यांच्या जागा बदलल्या, नवं गवत, आणि मगच दोघींना एकदम आत सोडलं. पहिली रात्र मी हॉलमध्ये गादी टाकून झोपले. पाठलाग झाला, कडकड नाही.

सगळ्याच जोड्या जमतात असं नाही. तीन-चार वेळा नीट प्रयत्न करून प्रत्येक वेळी रक्त येत असेल तर जाळीच्या दोन बाजूंना कायमचा शेजार ठेवावा. एकीला देऊन टाकून दुसरीला एकटं ठेवणं मला पटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांपासून गिनीपिगला एकटं पाळायला बंदीच आहे. काही घरांत नसबंदी केलेला नर मध्ये आणला की माद्यांची भांडणं थंडावतात. मात्र शस्त्रक्रियेनंतरही सहाएक आठवडे तो बाप होऊ शकतो, तेवढे दिवस त्याला वेगळा ठेवावा.

आमच्याकडे सहा महिने झाले. कालनिर्णयवर टिंबं आहेत, पण ती सगळी आता मिरीची, सोळा-सतरा दिवसांनी एक. तिच्या हीटच्या दिवशी कैरी उठून तिसऱ्या लादीवर जाते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. पूर्वी वरचढ कैरी होती, आता कोथिंबिरीची पहिली काडी मिरी घेते. सासूबाईंना हे मान्य नाही. त्या पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, माझी पाठ वळली की, कैरीला वेगळी काडी देतात.